न्यायाचा तराजू दगडात कसा उतरला?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. समजा, या गावच्या दोन शेतकऱ्यांत शेताच्या धुऱ्यावरून वाद झाला. गावात तो मिटला नाही, म्हणून न्यायालयात गेला. तेथला निकाल एकाला पटला नाही, त्याने अपील केले. होता होता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचले आणि तेथूनही पुढे दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता आपण त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहू. कागदपत्रांची पिशवी काखेत धरून तो एका प्रचंड इमारतीसमोर उभा आहे. समोर पायऱ्या, खांबांचा लांबलचक व्हरांडा, डोक्यावर उंच घुमट. इमारत अशीच का? ती साधी चौकोनी का नाही? घुमट नसता तर न्याय कमी मिळाला असता काय? आणि हे सारे ठरविले कोणी?

ठरविणाऱ्याचे नाव आपल्या ओळखीच्या वळणाचे आहे. गणेश भिकाजी देवळालीकर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुखपद सांभाळणारे हे पहिले भारतीय. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी २९ ऑक्टोबर १९५४ रोजी या इमारतीची कोनशिला बसविली आणि ४ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले.

देवळालीकरांसारखा वास्तुशिल्पज्ञ कामाला लागतो तेव्हा तो प्रथम पेन्सिल उचलत नाही. प्रथम तो प्रश्न विचारतो. मुख्य प्रश्न पाचच असतात. येथे किती माणसे बसणार? कोणी कोणाला पाहिले आणि ऐकले पाहिजे? जागेचे ऊन, वारा, माती कशी आहे? उद्या काम वाढले तर काय करायचे? आणि पाचवा प्रश्न, जो राष्ट्राच्या इमारतीच्या बाबतीत फार महत्त्वाचा: या इमारतीने पाहणाऱ्याला काय सांगायचे? आराखडा म्हणजे या पाच प्रश्नांना दिलेले एकच उत्तर. ते उत्तर एकदा दगडात बांधले गेले की पुढच्या अनेक पिढ्यांना त्याच्यासह नांदावे लागते. म्हणूनच ते कसे ठरते हे आपण समजून घेतले पाहिजे.

वर्तुळ की त्रिकोण?

सर्वोच्च न्यायालयाचा जन्म त्याच्या स्वतःच्या इमारतीत झाला नाही. २८ जानेवारी १९५० रोजी त्याचे उद्घाटन झाले ते संसद भवनातल्या एका सभागृहात. म्हणून थोडे मागे जाऊन आधी ती इमारत पाहू.

१९१९ च्या सुधारणांमुळे ब्रिटिश सरकारला दिल्लीत तीन सभागृहांची गरज पडली. एक लेजिस्लेटिव्ह असेंब्लीसाठी, दुसरे कौन्सिल ऑफ स्टेटसाठी आणि तिसरे संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी. काम दोन वास्तुशिल्पज्ञांकडे होते, हर्बर्ट बेकर आणि एडविन लट्यन्स. बेकरने त्रिकोणी रचना सुचविली. लट्यन्सने वर्तुळाचा आग्रह धरला आणि शेवटी वर्तुळ मान्य झाले.

वर्तुळाचा फायदा भूमितीतून समजतो. वर्तुळाला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. मध्यभागी एक गोल सभागृह आणि त्याच्याभोवती तीन सभागृहे बसविली, तर तिन्ही मध्यापासून सारख्या अंतरावर येतात.

इमारतीचा व्यास ५६० फूट, म्हणजे १७०.६९ मीटर. याला ३.१४ ने गुणा. परीघ सुमारे ५३६ मीटर येतो. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्याला १४४ खांब आहेत, प्रत्येक २७ फूट उंच. ३६० अंशांना १४४ ने भागा. दर अडीच अंशाला एक खांब! गवंड्याच्या ओळंब्यामागे वास्तुशिल्पज्ञाचा कोनमापक असतो, तो असा.

या इमारतीचे उद्घाटन १८ जानेवारी १९२७ रोजी झाले. पण इमारत ज्यांच्यासाठी बांधावी त्यांच्याच हाती ती राहते असे नाही. मधल्या गोल सभागृहात ९ डिसेंबर १९४६ पासून संविधान सभा बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानावर या भवनात चर्चा झाली. आणि संस्थानिकांसाठी बांधलेल्या सभागृहात स्वतंत्र भारताचे सर्वोच्च न्यायालय बसू लागले. राजांची जागा कायद्याने घेतली, तीही भिंत न पाडता.

आवाज कोठपर्यंत पोचतो?

आता दुसरा प्रश्न. याच भवनातले लोकसभेचे सभागृह अर्धवर्तुळाकार होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४६ चौरस मीटर. तेवढ्या क्षेत्रफळाच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या काढून पाहा. ती सुमारे १७ मीटर येते. म्हणजे केंद्राशी बसलेल्या अध्यक्षांपासून सर्वांत दूरचा सदस्यही १७ मीटरांवर. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचे १५ मीटर रुंद आणि सुमारे ३० मीटर लांब असे आयताकृती सभागृह घ्या आणि अध्यक्षांना आखूड भिंतीच्या मध्याशी बसवा. पायथागोरसच्या सिद्धांताने दूरच्या कोपऱ्याचे अंतर काढा. ते ३० मीटरांच्या वर जाते. जमीन तेवढीच, पण शेवटच्या माणसाचे अंतर जवळजवळ दुप्पट.

मात्र वक्र भिंती आणि घुमट यांचा एक दोष असतो. अंतर्वक्र आरसा जसे प्रकाशकिरण एकवटतो, तसे अंतर्वक्र छत ध्वनी एकवटते. शिवाय परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीनंतर एकदशांश सेकंदाने किंवा त्याहून उशिरा आला तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, हे तुम्ही शिकला आहात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर त्यासाठी भिंत किमान १७ मीटर दूर हवी. एवढ्या मोठ्या सभागृहात हे सहज घडू शकते. म्हणून वास्तुशिल्पज्ञ भिंतींवर ध्वनी शोषणारे अस्तर लावतो, जमिनीवर गालिचे घालतो, आसनांना गादी देतो. आपल्याला ती श्रीमंती वाटते. प्रत्यक्षात ती बरीचशी ध्वनिशास्त्राची गरज असते.

बैठकीचा आकार नुसता आवाजच नव्हे, माणसांचे वागणेही घडवितो. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सरकार पक्ष आणि विरोधी पक्ष समोरासमोरच्या बाकांवर बसतात. १९४१ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात हे सभागृह जळाले. पुन्हा बांधताना अर्धवर्तुळ करावे, आकार वाढवावा अशा कल्पना पुढे आल्या. पंतप्रधान चर्चिल यांनी जुना आयतच राखण्याचा आग्रह धरला. इतकेच नव्हे, तर सर्व सदस्य एका वेळी बसू शकतील एवढे मोठेही ते नको, असे त्यांचे मत होते. लहान, भरलेल्या सभागृहातच खरी चर्चा रंगते, असा त्यांचा विचार. १९५० मध्ये तसेच सभागृह पुन्हा उघडले. सदस्य सहाशेच्या वर आणि बसायला जागा ४२७! हा निर्णय बरोबर की चूक, यावर वर्गात वाद करून पाहा. बाकांची मांडणी हा लोकशाहीचा प्रश्न असू शकतो, एवढे मात्र त्यावरून कळते.

एकाच रेखावृत्तावरची दोन उन्हे

तिसरा प्रश्न जागेचा. नकाशा उघडा. किन्हीराजा आणि दिल्ली ही दोन्ही ठिकाणे ७७ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास आहेत. दोन्हीकडे मध्यान्ह जवळजवळ एकाच वेळी होते. फरक आहे तो अक्षांशाचा. किन्हीराजा साधारण २० अंश उत्तरेला, दिल्ली साधारण साडेअठ्ठावीस अंशांवर.

२१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती उंच असतो? ९० अंशांतून अक्षांश वजा करा. किन्हीराजाला ७० अंश, दिल्लीला साडेएकसष्ट अंश. २२ डिसेंबरच्या सुमारास यातून आणखी साडेतेवीस अंश वजा करा. किन्हीराजाला साडेसेहेचाळीस अंश, दिल्लीला ३८ अंश.

दक्षिणेकडच्या खिडकीवर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे असे समजा. त्याची सावली भिंतीवर किती खाली येईल? छज्जाची रुंदी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाची स्पर्शज्या, म्हणजेच टॅन. मार्चमध्ये किन्हीराजाला ही सावली १ मीटर ६५ सेंटिमीटर खाली येते, दिल्लीला १ मीटर १० सेंटिमीटर. डिसेंबरमध्ये किन्हीराजाला ६३ सेंटिमीटर आणि दिल्लीला अवघी ४७. म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या खिडकीत उन्हाळ्याच्या दिवसांत मध्यान्हीचे ऊन शिरत नाही आणि थंडीत मात्र ते आत येते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. एक दगडी फळी योग्य मापाने बाहेर काढली की काम झाले. दिल्लीत तोच परिणाम हवा असेल तर छज्जाचे माप बदलावे लागेल, कारण सूर्य तेथे अधिक कललेला आहे. एका गावचा आराखडा दुसऱ्या गावी जशाचा तसा उचलून का चालत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या खांबांच्या व्हरांड्याचे एक कामही हेच. तो भव्य दिसतो हे खरे, पण तो आतल्या भिंतींना सावली देतो आणि वाट पाहणाऱ्या माणसाला ऊनपावसापासून आडोसाही देतो.

मातीचेही तसेच. आपल्या वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंतीला तिरक्या चिरा जातात. म्हणून येथे पाया मातीच्या या हालत्या थराखाली न्यावा लागतो किंवा तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालावे लागतात. इमारत कितीही मानाची असो, मातीपुढे तिचा मान चालत नाही.

तराजूची दोन पारडी

आता पाचवा प्रश्न आधी घेऊ. इमारतीने काय सांगायचे?

देवळालीकरांना मिळालेली जागा सुमारे १७ एकरांची, त्रिकोणी. तिच्यावर त्यांनी तराजू मांडला. मधला भाग म्हणजे तराजूची दांडी. तेथे न्यायदालने. दांडीच्या बरोबर मध्याशी सरन्यायाधीशांचे दालन, सर्वांत मोठे. दोन्ही बाजूंना दोन पाखे, म्हणजे दोन पारडी. त्यांत कचेऱ्या, ग्रंथालय, वकिलांच्या खोल्या. दांडी कोणत्याही पारड्याकडे झुकू नये, हा त्यातला अर्थ. उद्घाटनाच्या भाषणात डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीच तो उलगडून सांगितला होता. वर २७.६ मीटर उंचीचा घुमट.

बाहेरचे रूप मात्र त्यांनी सर्वस्वी नवे निवडले नाही. जवळच लट्यन्स आणि बेकर यांची दिल्ली उभी होती. तिच्याशी जुळेल अशी, भारतीय आणि ब्रिटिश वळणांचा मेळ घालणारी शैली त्यांनी घेतली. आपले नागपूर खंडपीठ ज्या घुमटाच्या इमारतीत बसते, ती १९४० मध्ये पुरी झालेली इमारत हेन्री मेड यांची. मेड यांनी त्याआधी नव्या दिल्लीच्या उभारणीत काम केले होते. म्हणून किन्हीराजाच्या शेतकऱ्याला नागपूरचा घुमट पाहिल्यावर दिल्लीचा घुमट अगदी अनोळखी वाटू नये.

पण याच काळात दुसरे उत्तरही दिले जात होते. १९५५ मध्ये चंडीगडला ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाची उच्च न्यायालयाची इमारत उघडली. तिला घुमट नाही, नक्षी नाही. सारे उघडे काँक्रीट. छतावर आणखी एक प्रचंड छत छत्रीसारखे धरलेले, म्हणजे ऊन वरच्या छताने झेलावे आणि मधल्या पोकळीतून वारा वाहावा. काम एकच, न्यायदान. देश एकच, दशकही एकच. एकाने सांगितले, आमचा न्याय जुन्या परंपरेवर उभा आहे. दुसऱ्याने सांगितले, आमचा देश नव्याने सुरुवात करतो आहे. दोन्ही विधाने खरी होती.

येथे एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. तराजूचा आकार दिसतो कोणाला? कागदावरचा आराखडा पाहणाऱ्याला किंवा आकाशातून पाहणाऱ्याला. दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तराजू दिसत नाही. त्याला पायऱ्या दिसतात. इमारत माणसाशी बोलते ती प्रामुख्याने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि त्याच्या पावलांवरून. दार सापडते का, बसायला बाक आहे का, म्हाताऱ्या माणसाला चढता येते का, चाकांच्या खुर्चीसाठी उतरण आहे का, यावरून. सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना सहज प्रवेश मिळाला पाहिजे असे २०१६ च्या कायद्याने आता बंधन घातले आहे. अर्थपूर्ण आकार आणि सोयीची पायरी यांपैकी एकच निवडायचे असे नाही. चांगला वास्तुशिल्पज्ञ दोन्ही साधतो.

वाढत्या अंगाचा कपडा

राहिला चौथा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयात १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ न्यायाधीशांची तरतूद होती. १९५६ मध्ये ती संख्या ११ झाली, १९६० मध्ये १४, १९७८ मध्ये १८, १९८६ मध्ये २६, २००९ मध्ये ३१ आणि २०१९ मध्ये ३४. या आकड्यांचा आलेख काढा आणि त्याखाली इमारतीचा इतिहास लिहा. १९७९ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन नवे पाखे जोडले गेले. १९९४ मध्ये आणखी विस्तार झाला. २०१९ मध्ये रस्त्यापलीकडे मोठी वाढीव इमारत उभी राहिली आणि ती भुयारी वाटांनी जुन्या इमारतीशी जोडली गेली.

समतोल आकाराची हीच परीक्षा असते. एका पारड्यात भर घातली की दुसऱ्यातही घालावी लागते, नाहीतर तराजूच बिघडतो. आणि वर्तुळाला तर बाहेरून काही जोडताच येत नाही. जुन्या संसद भवनावर म्हणून १९५६ मध्ये दोन मजले चढवावे लागले. आई मुलाचा सदरा शिवताना शिवणीत थोडे कापड दुमडून ठेवते. इमारतीच्या आराखड्यातही असे दुमडलेले कापड असावे लागते.

हे नव्या संसद भवनात दिसते. वास्तुशिल्पज्ञ बिमल पटेल यांनी आखलेली ही इमारत २८ मे २०२३ रोजी उघडली. लोकसभेच्या निवडून येणाऱ्या जागा ५४३ असताना नव्या सभागृहात ८८८ आसनांची सोय केली. राज्यसभेच्या सभागृहात ३८४. आणि आकार? त्रिकोणी, कारण जागा त्रिकोणी होती. शंभर वर्षांपूर्वी बेकरच्या हातून निसटलेला त्रिकोण शेजारच्या जमिनीवर वेगळ्याच कारणाने परत आला. या भवनातले सागवान आपल्या नागपूरहून गेले आहे.

करून पाहा

आता तुम्हीच वास्तुशिल्पज्ञ व्हा. आपल्या गावच्या ग्रामसभेला २०० माणसे येतात असे धरा. खाली बसणाऱ्या माणसाला सुमारे ०.६ चौरस मीटर जागा लागते. एकूण १२० चौरस मीटर. ८ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असे सभागृह पुरेल. आलेखाच्या कागदावर ते काढा.

सरपंचांना आखूड भिंतीच्या मध्याशी बसवा. मागच्या कोपऱ्यातल्या माणसाचे अंतर मोजा. सुमारे साडेपंधरा मीटर. आता सभागृह तेच ठेवा, पण सरपंचांना लांब भिंतीच्या मध्याशी बसवा. अंतर ११ मीटर. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १५.५ ला ११ ने भागून वर्ग करा. उत्तर जवळजवळ २ येते. भिंतींवरून परतणारा आवाज सोडून दिला, तर त्या कोपऱ्यात पोचणारा थेट आवाज दुप्पट झाला.

हा हिशेब उलटाही लागू पडतो. कोपऱ्यात बसलेली एखादी बाई नळाच्या पाण्याची तक्रार सांगते, तेव्हा तिचा आवाजही पुढे दुप्पट पोचतो. एक वीट न लावता, एक रुपया न खर्चता, नुसती बसण्याची दिशा बदलून हे साधले. पुढच्या ग्रामसभेच्या आधी हा कागद आपल्या गुरुजींना दाखवा आणि त्यांच्यासह सरपंचांकडे घेऊन जा.